‘त्या काळी असं नव्हतं’ हे कुणी ठरवलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या काळावरच्या प्रेमपटांविषयी एक लेख आला होता. त्यात दोन बायकांच्या प्रेमावर बेतलेल्या काही परदेशी चित्रपटांची ओळख होती. त्यावर गेल्या आठवड्यात एका वाचकांचं पत्र छापलंत. त्यांचं म्हणणं असं, की हे आजचं खूळ आहे, जुने कपडे घालून ते मागच्या काळात घुसवतात. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी असलं काही नव्हतं, आणि असे चित्रपट घरच्यांसोबत बघता येत नाहीत. पत्र रागाचं होतं, पण त्यात शिवीगाळ नव्हती, म्हणून उत्तर लिहावंसं वाटलं.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका बाजारगावात फोटो स्टुडिओ चालवते. १९८६ साली यजमान वारले. लेकरं लहान होती. दीर म्हणाले, कॅमेरा विकून टाका. मी विकला नाही. डार्करूमचं काम मला येतच होतं. यजमान दिवसा फोटो काढायचे आणि रात्री धुवायला मी असायची. फोटो काढणारी बाई आहे म्हटल्यावर लोक आपल्या पोरी बिनघोर पाठवू लागले आणि त्यावरच माझा धंदा उभा राहिला. या भागातल्या बायका मी भिंगातून जितक्या निरखून पाहिल्या आहेत, तितक्या त्यांच्या घरच्यांनीही पाहिल्या नसतील. तेवढ्या अधिकाराने लिहिते आहे.

लेखात पहिलं नाव होतं सेलिन सियामा यांच्या २०१९ च्या ‘पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर’ या फ्रेंच चित्रपटाचं. कान महोत्सवात त्याला पटकथेचं पारितोषिक मिळालं. माझी मुलगी पुण्याला असते. दिवाळीत ती आली तेव्हा तिच्या लॅपटॉपवर आम्ही तो थांबवत थांबवत पाहिला. खालची इंग्रजी वाक्यं ती मला मराठीत सांगत होती. गोष्ट अठराव्या शतकातली, ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या एका बेटावरची. एलोइज नावाच्या मुलीला मठातून घरी आणलं आहे. तिच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, ती कड्यावरून पडून गेली. आता तेच स्थळ हिच्या गळ्यात. स्थळ मिलानचं आहे आणि मुलगी पाहायला तिकडून कुणी येणार नाही. इकडून तिचं चित्र रंगवून पाठवायचं. एलोइज चित्रकारापुढे बसायला तयार नाही. म्हणून तिची आई मारियान नावाच्या चित्रकर्तीला फिरायची सोबतीण म्हणून आणते. तिने दिवसा चेहरा डोळ्यांत साठवायचा आणि रात्री चोरून रंगवायचा.

मला यात परकं काहीच वाटलं नाही. स्थळाला पाठवायचा उभा फोटो हाच कित्येक वर्षं माझा मुख्य धंदा होता. त्यात पाय दिसलेच पाहिजेत, नाहीतर पलीकडचे लोक म्हणतात मुलगी लंगडत असेल. शाळेच्या ड्रेसवर आलेल्या पोरींसाठी मी एक मोतिया रंगाची साडी स्टुडिओतच ठेवली होती. तालुक्यातल्या किती पोरींची लग्नं त्या एका साडीवर जुळली असतील! बाप किंवा मामा माझ्या मागे उभा राहायचा आणि निघताना हळूच म्हणायचा, “ताई, रंग जरा उजळ येऊ द्या.” एन्लार्जरखाली कागदाला उजेड एक-दोन सेकंद कमी दिला की सावळी पोरगी फोटोत गोरी होते. पण मग नाकाची कड पुसट होते, हनुवटीवरची खूण जाते, डोळ्यांखालचं सगळं सपाट होतं. फोटो चांगला येतो, त्यात ती मुलगी मात्र उरत नाही.

चित्रपटात एलोइज आपलं पहिलं चित्र पाहते आणि विचारते, ही मी आहे का? तुला मी अशी दिसते का? मारियान चित्रकलेचे नियम सांगू लागते, रीत सांगू लागते. आणि मग स्वतःच त्या चित्राचा चेहरा पुसून टाकते. तिथे मी मुलीला लॅपटॉप थांबवायला सांगितला. इतक्या वर्षांत मी एकही फोटो असा पुसला नव्हता.

त्यानंतर एलोइज आपणहून समोर बसते. मारियान तिच्या सवयी सांगते, गोंधळली की काय करते, चिडली की काय करते. त्यावर एलोइज तिला जवळ बोलावते आणि दाखवून देते, की तू मला पाहत होतीस तेव्हा मीही तुला पाहत होते. वाचक महोदयांना यात खूळ दिसलं. मला असं दिसलं, की सासरच्यांसाठी जिचं चित्र काढायचं होतं, त्या मुलीकडे कुणीतरी पहिल्यांदाच तिच्यासाठी म्हणून पाहिलं, आणि त्यातून प्रेम झालं.

घरच्यांसोबत बघता येत नाही म्हणतात, तर एक-दोन ठिकाणी मुलीने पुढे सरकवलं हे खरं. पण माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि त्या खाटेवरून सगळं पाहत होत्या. घरातल्या सोफी या मोलकरणीचा गर्भ पाडायला या दोघी तिच्यासोबत जातात, तो प्रसंग त्यांनी पापणी न लववता पाहिला. सोफी खाटेवर पडलेली आहे आणि तिच्या शेजारी गर्भ पाडणाऱ्या बाईच्या घरातलं तान्हं मूल, तिच्या चेहऱ्याशी, बोटांशी खेळतं आहे. असं दृश्य मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेलं नाही. रात्री गावच्या बायका जाळाभोवती टाळ्या वाजवत गातात, आमच्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाईपुढे गातात तसं. तेव्हा सासूबाईंनी खाटेवरूनच ताल धरला. संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “लगन झालं का मंग त्या पोरीचं? त्याच मानसासंग?” मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, “मंग काय उपेग.”

आता जुन्या काळी असं नव्हतं, याविषयी.

१९९० च्या आसपासची गोष्ट. कापूस वेचणीचा हंगाम, बाजाराचा दिवस. दोन मजूर बायका स्टुडिओत आल्या. दोघींच्या गळ्यात काळी पोत, दोघींच्या बोटांना बोंडांच्या टोकांचे ओरखडे, आणि ब्लाऊज एकाच ताग्यातल्या कापडाचे, नवीन शिवलेले. त्यांना जोडीचा फोटो पाहिजे होता. जोडीचा म्हणजे लग्नानंतर नवराबायकोचा काढतात तसा, एक जण खुर्चीवर बसलेला आणि दुसरं बाजूला उभं राहून त्याच्या खांद्यावर हात ठेवलेलं. मी काढला. लगेच खुर्चीवरची उठली आणि दुसरीला म्हणाली, “आता तू बस वं, मी उभी राह्यतो.” त्या वेळी रोलमध्ये बाराच फोटो निघायचे आणि फिल्म महाग होती. मी म्हटलं, एकच पुरे. तर दोघींनी कमरेचे पैसे सोडून काउंटरवर मिळून मोजले. फोटो न्यायला आल्या तेव्हा ज्या फोटोत जी बसलेली होती, तो फोटो दुसरीने घेतला. उलटसुलट करून पाहिलंसुद्धा नाही, ते आधीच ठरलेलं होतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांतली एक परत आली. तिचा फोटो घरात कुणीतरी फाडला होता. निगेटिव्ह माझ्याकडे कागदी पाकिटात होती. दुसरी कुठे आहे म्हणून विचारलं, तर म्हणाली, पुण्याकडे वीटभट्टीवर गेली, मग पत्ता नाही. मी नवीन प्रत काढून दिली. तिने ती रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये कार्डाच्या मागे सरकवली.

त्या दोघींमध्ये नेमकं काय होतं, हे मी विचारलं नाही आणि आजही ठरवणार नाही. तो माझा अधिकार नाही. पण काहीच नव्हतं, असा शिक्का वाचक महोदय कशाच्या जोरावर मारतात?

लिहून ठेवलेलं कुठे आहे, असं ते विचारतील. जिथे लिहायला कागद होता, तिथे लिहिलेलं आहे. इंग्लंडात हॅलिफॅक्सजवळच्या शिब्डेन हॉलची जमीनदारीण अ‍ॅन लिस्टर (१७९१ ते १८४०) हिच्या लाखो शब्दांच्या रोजनिश्या आजही आहेत. बायकांवरच्या आपल्या प्रेमाविषयी तिने त्यांत स्वतः बनवलेल्या सांकेतिक लिपीत लिहिलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्याच घराण्यातल्या एका वारसाने आपल्या एका मित्रासोबत ती लिपी उलगडली. वाचून मित्र म्हणाला, जाळून टाक. त्याने जाळल्या नाहीत, वाड्यातल्या लाकडी तक्तपोशीमागे लपवल्या. हेलेना व्हिटब्रेड यांनी त्यातला भाग १९८८ साली पुस्तकरूपात छापला. २०१९ ची ‘जंटलमन जॅक’ ही मालिका तिच्यावरच आहे. तिच्याकडे जमीन होती, नोकरचाकर होते, दार लावून घ्यायला खोली होती, म्हणून एवढं मागे राहिलं. आमच्या कापूस वेचणाऱ्या बाईकडे यातलं काही नव्हतं. तिचं काही लिहिलेलं सापडत नाही, म्हणून तिच्या मनात काही नव्हतं असं धरायचं का?

म्हणूनच मला मोना फास्टवोल्ड यांचा २०२० चा ‘द वर्ल्ड टू कम’ सगळ्यांत जवळचा वाटला. त्यात राजवाडा नाही, उंची झगे नाहीत. १८५६ सालचं न्यूयॉर्क राज्यातलं एक शेत, थंडी, गुरं, चूल. अबिगेलची लहान मुलगी घटसर्पाने गेलेली. ती नवऱ्याच्या शेतीचे हिशेब लिहिते आणि त्याच हाताने स्वतःची रोजनिशी. शेजारच्या शेतावर टॅली राहायला येते. दोघी दुपारी भेटतात, बोलतात, आणि बोलायला कुणी मिळालं यानेच त्या आधी हरखून जातात. अबिगेलचा नवरा वाईट माणूस नाही, हे मला फार पटलं. तो कष्टाळू आहे, दुःखी आहे, बायकोवर त्याची माया आहे, पण तिच्या मनात काय चाललंय हे त्याला उमगत नाही. अशी घरं मी शेकड्याने पाहिली आहेत. टॅलीच्या नवऱ्यासारखीही पाहिली आहेत, तो तिला दूर घेऊन जातो आणि ती मरते. त्या मरणाने मला त्रास झाला. त्याबद्दल खाली लिहिते.

वाचक महोदयांची एक गोष्ट मी मान्य करते. ‘अ‍ॅमोनाइट’मध्ये (२०२०) मेरी अ‍ॅनिंगवर जे प्रेम बेतलं आहे, त्याला पुरावा नाही. ती खरी होऊन गेलेली बाई. लाइम रीजिसच्या किनाऱ्यावर तिने प्राचीन प्राण्यांचे अवशेष शोधले आणि बाई म्हणून तिला हयातीत त्याचा पुरता मान मिळाला नाही. तिच्या नावाने कल्पना रंगवायची तर ती कल्पना आहे, असं सुरुवातीलाच सांगावं. पण हाच नियम सगळ्यांना लावा. अनारकली खरोखर होऊन गेली की नाही, याचा इतिहासात भरवशाचा पुरावा नाही. तरी ‘मुघल-ए-आझम’ला १९६० पासून आजतागायत कुणी खूळ म्हटलेलं नाही. राजपुत्र आणि दासी यांचं कल्पनेतलं प्रेम चालतं, दोन बायकांचं मात्र कागदपत्रं दाखवा!

आणखी एक तक्रार माझी स्वतःची. पार्क चॅन-वूक यांच्या ‘द हँडमेडन’मधले (२०१६) शेजघरातले प्रसंग फार लांबले आहेत. ते त्या दोघींसाठी कमी आणि बाहेरून बघणाऱ्यासाठी जास्त आहेत, असं मला वाटलं. पण त्या दिग्दर्शकाने एक मोठं काम केलं. सारा वॉटर्स यांची ‘फिंगरस्मिथ’ ही कादंबरी व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडातली. त्याने ती उचलून १९३० च्या दशकातल्या, जपानच्या अमलाखालच्या कोरियात नेली आणि ती तिथलीच होऊन गेली. घर तिथलं, भाषा तिथली, गुलामीची चीडही तिथली. आपल्याला हे का जमू नये?

मराठीत तर हे फार आधी झालं होतं. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आलं, रोहिणी हट्टंगडी यांनी मित्रा केली. स्वातंत्र्याच्या आधीच्या काळातलं कॉलेज, मुलीवर जीव जडलेली मुलगी. ते जुन्या काळावरचंच नाटक होतं. १९८२ च्या ‘उंबरठा’त जब्बार पटेलांनी महिलाश्रमातल्या दोघींचा प्रसंग दाखवला. मग १९९८ साली दोन जावांच्या प्रेमावरच्या ‘फायर’ या चित्रपटाच्या वेळी मुंबईत थिएटरं फोडली, चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि १९९९ मध्ये एकही काट न लागता परत आला. त्यानंतर कायदा बदलला. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रेमावरचा गुन्ह्याचा डाग पुसला. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात दिला नाही. या सगळ्या काळात मराठीत ‘बालगंधर्व’ आला, ‘कट्यार काळजात घुसली’ आला, ‘आनंदी गोपाळ’, ‘हिरकणी’ आले, गडकिल्ल्यांवरचे तर रांगेने आले. जुना काळ उभा करायला आपल्याकडे माणसं आहेत, पैसा आहे. त्या काळातल्या दोन बायका एकमेकींकडे पाहताना तेवढ्या दाखवायच्या राहिल्या.

एक सत्यघटना सांगते, ती आमच्या सीमेपलीकडचीच आहे. १९८७ साली मध्य प्रदेशातल्या सशस्त्र पोलीस दलातल्या दोन महिला शिपायांनी एकमेकींशी लग्न केलं. त्यांना नोकरीवरून काढलं. त्यांचा फोटो वर्तमानपत्रांत छापून आला होता. त्या साध्या घरच्या बायका होत्या. त्यांनी परदेशी चित्रपट पाहून हे केलं, असं कुणी म्हणेल का? त्या वेळी आमच्या गावात एकाच घरी टीव्ही होता.

आता शेवटांविषयी, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे. मित्रा जीव देते. टॅली मरते. एलोइजचं लग्न होतं, ती वर्षांनंतर नाट्यगृहात एकटी बसून विवाल्डीचं संगीत ऐकत रडते. आमच्या भागात बाईच्या गोष्टीचा शेवट विहिरीत किंवा रॉकेलात होतो, हे आम्ही पेपरात वाचतो, गल्लीत पाहतो. पडद्यावरही तेच कशाला? पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी १९५२ साली दुसऱ्याच नावाने ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ ही कादंबरी छापली, तिच्या शेवटी दोघी जिवंत असतात आणि एकत्र येण्याची आशा असते. त्याबद्दल आभार मानणारी पत्रं लेखिकेला वाचकांकडून येत राहिली. टॉड हेन्स यांचा २०१५ चा ‘कॅरोल’ त्याच कादंबरीवर आहे. त्यात किंमत मोजावी लागतेच. नवरा मागे हेर लावतो, कॅरोलला मुलीचा ताबा सोडावा लागतो. तरी शेवटी तिची प्रेयसी थेरीज भरल्या हॉटेलातून चालत जाते, कॅरोल मान वर करते आणि हसते, बस. कादंबरीतली थेरीज नाटकाचे नेपथ्य करणारी होती, चित्रपटात तिला फोटो काढणारी केलंय. ती आधी माणसांचे फोटो काढायला कचरते, माणसांच्या खासगी गोष्टीत घुसल्यासारखं वाटतं म्हणते. कॅरोलचा फोटो काढल्यावर तिचा हात मोकळा होतो. हे कुणा जाणकाराने लिहिलेलं आहे. पहिल्या आवडत्या चेहऱ्यानंतर हात खरंच मोकळा होतो.

तर कुणी तरुण दिग्दर्शक हे पत्र वाचत असेल, तर त्याने किंवा तिने आमच्याकडे यावं. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला रेल्वे दारव्ह्यावरून जायची. इंग्रजांच्या काळी कापूस नेण्यासाठी टाकलेली ती अरुंद लाइन, आता बंद आहे, रूळ गवतात गेले आहेत. जिनिंगमध्ये रेच्यांवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या यंत्रांवर, बायकाच असायच्या. कापसाच्या गंज्या, नाकातोंडात जाणारा तो तंतू, सुटीचा भोंगा, स्टेशनावरचं वडाचं झाड, दोघींनी एकच शिदोरी सोडणं. वेगळं काही रचायची गरज नाही. बोली वऱ्हाडी ठेवा, पुण्याची ठेवू नका. आणि दोघींना म्हातारं होऊ द्या. फोटो, पडदे, लाकडी खुर्ची, जुना कॅमेरा, जे लागेल ते माझ्या स्टुडिओतून घेऊन जा, भाडं घेणार नाही.

संपादक महोदय, पत्र लांबलं याची जाणीव आहे. जागेअभावी कापावं लागलं तर अ‍ॅन लिस्टर आणि कोरियाचा भाग कापा, तो लोकांना दुसरीकडेही वाचायला मिळेल. बाजाराच्या दिवशी आलेल्या दोघींचा आणि मध्य प्रदेशातल्या दोन शिपायांचा मजकूर मात्र कृपया आहे तसा छापा.

आपली नम्र,
एक फोटो स्टुडिओवाली
ता. दारव्हा, जि. यवतमाळ